दोन मांजरे आणि एक उंदीर

मी साधा बी.कॉम. झालेला माणूस. कलेवर बोलण्याचा मला अधिकार नाही, हे आमची सौ. चारचौघांत सांगतेच. पण वीस-बावीस वर्षे बँकेत सह्या पडताळल्यामुळे अस्सल काय नि बनावट काय, एवढे मला कळते. तेवढ्या भांडवलावर मांजरांच्या व्हिडिओंचे हे परीक्षण.

हे खूळ मोबाइलबरोबर आले, असे आमचे कॅशियर समजतात. चूक! १८९४ साली एडिसनच्या स्टुडिओत दोन मांजरांच्या पंजांत मोजे चढवून त्यांची मुष्टियुद्धाची फिल्म घेतली होती. मागे मालक उभा दिसतो. तिथेच माझे पेन थबकते. ती मांजरे भांडत नाहीत हो, नोकरी करताहेत! नोकरी करणारा चेहरा मला लांबूनही ओळखू येतो. आजच्या व्हिडिओंतही हा मालक असतोच, फक्त दिसत नाही. मांजरामागे गुपचूप काकडी ठेवणारा तोच, वर हशा नि पिपाण्या चिकटवणारा तोच.

आता हमरापूरचा व्हिडिओ बघा. हमरापूर, जोहे, कळवे ही पेण तालुक्यातली गावे म्हणजे गणपतींचे माहेर. माझ्या मेहुण्याचाही तिथे कारखाना आहे. चित्रात शाडूची ओली मूर्ती, पायाशी उंदीर, आणि उंदरावर डोळा ठेवून बसलेला बोका. मागून भुरी येते आणि त्याचा कान चाटू लागते. बोका सुखाने डोळे मिटतो. चार-पाच वेळा चाटून झाल्यावर, काही कारण नसताना, भुरी त्याच कानाला कडकडून चावते! बोका थप्पड उगारतो, ती हुकते, आणि स्वारी उताणी. पण उठून लगेच असा काही पाय चाटू लागतो, की पडणे कार्यक्रमपत्रिकेतच होते. बेरीज चुकली की आमचे साहेब चष्मा पुसतात, ते थेट असेच.

मग भुरी उंदरावर झेप घ्यायला दबा धरते, आणि एकदम छपराचे पत्रेच दिसू लागतात. मेहुण्याच्या मुलाने मोबाइल टाकून मूर्ती सावरली होती. मूर्ती वाचली. उंदराचा एक कान गेला.

“काका, मेन सीनच राहिला!” पोरगा हळहळला.

“राहू दे,” मी म्हणालो. एवढ्यासाठी तरी मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले.

मेहुण्याने उंदराला नवा कान बसवला. पाटाच्या ओल्या मातीत भुरीचा पंजा स्पष्ट उमटला होता. इतकी अस्सल सही मी बँकेत क्वचितच पाहिली आहे. “ही राहू द्या हो,” मी म्हटले.

“गिऱ्हाईक काय म्हणेल, भावोजी?” म्हणत त्याने ओले बोट फिरवलेसुद्धा.