नक्षीदार खुकुरी : चित्र पाठवायचं की काम सांगायचं?

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मघाशी खाली चहा घेताना एकानं विचारलं, "एका सुरीवर एवढा वेळ काय बोलणार तुम्ही?" (हशा) प्रश्न रास्त आहे. आपण पैठणीच्या पदरावर बोलतो, मूर्तीच्या घडणीवर बोलतो. हत्यारावर बोलायची वेळ आली की मात्र एक तर लढाईच्या गोष्टी सांगतो, नाहीतर किंमत विचारतो. आज या दोन्ही गोष्टी बाजूला ठेवू. नेपाळची खुकुरी, आणि त्यातही मुद्दाम सांगून घडवून घेतलेली, चांदीनं मढवलेली खुकुरी, कलाकृती म्हणून कधी साधते आणि कुठे फसते, एवढंच बघू.

सुरुवात माझ्या स्वतःच्या फजितीपासून करतो. माझा मावसभाऊ गोरखा रेजिमेंटमधून निवृत्त झाला. निरोप घेणाऱ्या अधिकाऱ्याला चांदीची खुकुरी भेट द्यायची पद्धत गोरखा पलटणींमध्ये आहे. तिला 'कोथीमोरा' म्हणतात. घरच्यांनी ठरवलं, आपल्याकडूनही दादाला एक द्यायची. मी चित्रकलेचा माणूस, त्यामुळे डिझाईनचं काम आपोआप माझ्याकडे आलं. मी तीन कागद भरून चित्रं काढली. पात्यावर वेलबुट्टी, म्यानावर मोर, मुठीवर दादाचं पूर्ण नाव. शिवाय पात्याचा बाक मला जरा कमी डौलदार वाटला, तोही वाढवला. काठमांडूच्या एका दुकानामार्फत ऑर्डर गेली. दुकानदाराचा फोन आला, "दाइ, कारागीर म्हणतो बाक एवढा नको, आणि पोटावर कोरू नको." मी म्हटलं, चित्राप्रमाणेच करा.

काही महिन्यांनी वस्तू आली. अगदी चित्राबरहुकूम. दादानं ती म्यानातून काढली, हातात तोलली, मनगट एकदा फिरवलं आणि म्हणाला, "छान आहे रे. भिंतीवर शोभेल."

मला कळलं काय ते. त्याच्या घराच्या मागच्या बाजूला एक साधी, काळी पडलेली खुकुरी असते. नारळ सोलायला, फांद्या तोडायला तो तीच घेतो. माझी भिंतीवर गेली. यात दुकानदाराची चूक नाही, कारागिराची तर अजिबात नाही. त्यानं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.

आता मी ऐकलं काय नाही, ते समजायला पातं कसं होतं ते बघावं लागेल. आजकाल बरंचसं पोलाद येतं ते ट्रकच्या कमानीच्या पाट्यांतून. म्हणजे आपल्याकडे गॅरेजबाहेर पडलेले असतात तेच. ते कोळशावर तापवायचं, एकानं धरायचं, दुसऱ्यानं घण घालायचा. ठोकून ठोकून आकार येतो. मग कानस, आणि मग सगळ्यात नाजूक काम : पाणी देणं. खुकुरीला पाणी देताना बहुतेक वेळा अख्खं पातं बुडवत नाहीत. लालबुंद पातं धरतात आणि किटलीतून पाण्याची धार फक्त धारेच्या बाजूनं सोडतात. धार कडक होते, पाठ मऊ राहते. त्यातही पोटाचा भाग, जिथे घाव बसतो, तो सर्वांत कडक. टोक आणि मुठीजवळचा भाग त्यामानानं नरम. म्हणून जोरात हाणली तरी ती मोडत नाही.

म्हणजे एकाच पात्यात तीन-चार स्वभाव असतात, आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. मी काढलेल्या चित्रात पातं ही एक सपाट जागा होती, कागदासारखी. कारागिराच्या दृष्टीनं ती सपाट नाहीच. खोल कोरीवकाम करायचं तर पाणी देण्याआधी, पोलाद मऊ असताना करावं लागतं. आणि कोरलेली प्रत्येक टोकदार रेघ पाणी देताना तडा जायची जागा होऊ शकते. पोटावर वेलबुट्टी नको, असं तो का म्हणत होता ते आता लक्षात येईल. बाकाचंही तेच. वजन पुढे किती जातं, मनगटाला किती ओढ बसते, हे त्या बाकावर ठरतं. मी डौल वाढवला आणि तोल घालवला.

मग नक्षी करूच नये का? अहो, तसं नाही. परंपरेनंच नक्षीच्या जागा ठरवून दिल्यात. पाठीच्या बाजूनं जाणाऱ्या खोल चऱ्या, त्यांना नेपाळीत 'चिर्रा' म्हणतात. त्या पात्याचं वजनही कमी करतात आणि प्रकाशही खेळवतात. मुठीपाशी ती प्रसिद्ध खाच, 'काउडा' किंवा 'चो'. तिच्याबद्दल गायीच्या खुरापासून त्रिशूळापर्यंत दहा अर्थ सांगितले जातात. ते असोत. पण घडवणाऱ्याला आपला हात दाखवायची ती हक्काची जागा आहे. मुठीवर मधोमध उंचवट्याचं कडं असतं, ते दिसायला छान आणि पकडीलाही आधार. आणि म्यान! ते दोन लाकडी फाकांचं, वर चामडं, मागे 'कर्दा' आणि 'चकमक' या दोन छोट्या सुऱ्यांचा कप्पा. कोथीमोऱ्यात चांदी प्रामुख्यानं येते ती या म्यानावर, तोंडाशी आणि टोकाशी. तारकाम, उठावाचं काम, सगळं तिथे. म्यानाला घाव घालायचा नसतो, त्यामुळे तिथे सोनारानं हवं ते करावं.

चांगला कोथीमोरा मी यावरून ओळखतो : चांदी जिथे संपते तिथे साधं चामडं किंवा मखमल मोकळी सोडलेली असते. डोळ्याला विसावा असतो. आणि ती खुकुरी उपसली की आत पातं जवळजवळ साधं निघतं. बाहेर सगळा थाट आणि आत काम. ही गंमत आहे, आणि सध्याच्या पुष्कळ महागड्या 'कस्टम' खुकुऱ्यांत नेमकी हीच हरवते. पात्यावर ड्रॅगन, मुठीवर सिंहाचं तोंड, म्यानावर पशुपतिनाथ, आणि गिऱ्हाईकाचं नाव दोनदा. सगळीकडेच बोललं की कुठलंच ऐकू येत नाही. पूर्ण चांदीची मूठ तर घामट हातात सरळ निसटते. ज्या वस्तूचं पहिलं काम हातात बसणं, ती हातात बसत नाही. मग ती महाग आहे म्हणून चांगली का म्हणायची?

आता मुद्दा नावाचा. माझ्या मते या सगळ्यात तोच सर्वांत मोठा आहे.

जुन्या फौजी खुकुऱ्यांच्या पाठीवर कधीकधी देवनागरी अक्षरं कोरलेली दिसतात. लोक हौसेनं वाचायला जातात. निघतं काय, तर पलटणीचं नाव. म्हणजे वस्तू कुणाच्या मालकीची, हे लिहिलं. घडवली कुणी, ते नाही. पातं घडवणारे कामी, चामड्याचं काम करणारे सार्की, दागिन्यांचं आणि चांदीचं काम करणारे सुनार. १८५४ च्या मुलुकी ऐनानं, म्हणजे राणांच्या काळातल्या कायद्यानं, कामी आणि सार्की यांना अस्पृश्य ठरवलं. ज्यांच्या हातचं पाणी चालत नाही, असा तो वर्ग. जरा थांबून विचार करा. त्याच्या हातचं पाणी चालत नव्हतं, पण त्यानं पाणी दिलेलं पातं दसैंला पूजेत चालत होतं. १९६३ च्या नव्या ऐनानं कायद्यातून ती उतरंड काढली. जातीय भेदभाव आणि अस्पृश्यतेविरुद्धचा स्वतंत्र कायदा यायला २०११ उजाडलं. आज त्यातले अनेक जण विश्वकर्मा हे आडनाव लावतात.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. आपल्या गावगाड्यातल्या लोहाराचं, चांभाराचं नाव कुठल्या वस्तूवर आहे? पण आज बोलतोय ते नेपाळबद्दल, आणि आज जो माणूस हजारो रुपये देऊन खुकुरी घडवून घेतो त्याच्याबद्दल. तो पाठीवर स्वतःचं नाव कोरून घेतो. पलटणीनं केलं तेच तोही करतो.

म्हणून घडवून घ्यायचीच असेल तर माझं सांगणं थोडक्यात असं. चित्र पाठवू नका, काम सांगा. कोण वापरणार, हात केवढा, भिंतीवर राहणार की फांद्या तोडणार. पात्याची लांबी साधारण दहा-अकरा इंचांत ठेवा, आणि बाक, जाडी, तोल घडवणाऱ्यावर सोडा. नक्षीची हौस म्यानावर भागवा. कोरायचंच तर पाठीवर आणि मुठीजवळ. चांदी किती शुद्ध, पत्रा किती जाड, हे आधी विचारा. हस्तिदंताचा हट्ट धरू नका. म्हशीचं शिंग किंवा शिसवी लाकूड पुरे. आणि पातं कुणी केलं, म्यान कुणी केलं, चांदी कुणी, ही तीन नावं विचारा. त्यांची हरकत नसेल तर ती कोरून घ्या. आपलं नाव नाही कोरलं तरी चालतं. आपल्याला माहीत असतंच ती कुणाची आहे. (हशा)

मागच्या वर्षी मी दादाला म्हटलं, "दुसरी घडवून घेऊ या का? या वेळी मी काही काढणार नाही."

तो म्हणाला, "घे की. पण आधी विचार त्याला, त्याला कशी करायची आहे."

मी विचारलंय. अजून घडते आहे. आल्यावर दाखवीन.