कर्ता कोण?

‘जैसे थे’ हे अर्धेच वाक्य आहे. ‘जैसे’ म्हटले की पुढे ‘तैसे’ यावे लागते. 29 नोव्हेंबर 1947 रोजी निजाम आणि भारत सरकार यांच्यात झालेल्या कराराला मराठीत हेच नाव पडले. दिल्लीला सवड हवी होती, निजामाला सार्वभौमत्वाचा आभास. अर्ध्या वाक्यात दोघांचेही भागले. आमच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातल्या महार-मांगांच्या वाट्याला ‘जैसे थे’ म्हणजे वेठ आणि येसकरकी. कसबे तडवळ्यात 1941 साली बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदारांची परिषद भरली, ती या ‘जैसे थे’विरुद्धच.

13 सप्टेंबर 1948 रोजी सोलापूरच्या बाजूने भारतीय सैन्य नळदुर्गात शिरले. बरोबर रणगाडे होते. नाव मात्र ‘पोलिस कारवाई’. मी व्याकरणाचा मास्तर. समासाचा विग्रह केल्याशिवाय मला राहवत नाही. पोलिसांनी केलेली कारवाई. म्हणजे कर्ता खोटा! शिवाय पोलिस कारवाई करतात ती स्वतःच्या हद्दीत. हैदराबाद हे वेगळे राष्ट्र नाही, हे सिद्ध करण्याआधीच त्या समासाने गृहीत धरले. 16 सप्टेंबरला पॅरिसमध्ये सुरक्षा परिषदेपुढे रामस्वामी मुदलियार हीच बाजू मांडत होते. याच सुमारास डचांनीही इंडोनेशियावरील हल्ल्यांना हाच शब्द लावला होता. त्या हल्ल्यांविरुद्ध नेहरूंनी जानेवारी 1949 मध्ये दिल्लीत परिषद बोलावली. शब्द तोच, कर्ता वेगळा.

निजामाची राजवट गेली याचे मला दुःख नाही. रझाकारांचा जाच आमच्या माणसांनी सोसला आहे. प्रश्न त्यानंतरच्या वाक्यांचा आहे. माझी आजी म्हणायची, “ॲक्शन झाली तवा.” झाली, कुणी केली नाही. नंतरच्या हत्याकांडाची चौकशी करणाऱ्या सुंदरलाल समितीने 27 ते 40 हजार मृत्यूंचा अंदाज दिला आणि अधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आमचा जिल्हा सांगितला. तो अहवाल सरकारने अनेक दशके दाबून ठेवला.

राजनीतीचे हे व्याकरण मग गावात उतरले. 1978 साली नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या पेटवल्या गेल्या. ‘घरे जळाली’ असे पुष्कळांनी म्हटले. घर जळते तेव्हा दिवाही कलंडलेला असू शकतो. जाळले म्हटले की माणूस लागतो.

आपणही याला अपवाद नाही. मध्यंतरी काही कार्यकर्ते पोरे एक निवेदन तपासायला घेऊन आली. ‘झोपडी पाडण्यात आली.’ मी विचारले, कर्ता कोण? पोरे गप्प. एक जण हळूच म्हणाला, “सर, आईला रोज त्यांच्याच रानात खुरपायला जावं लागतं.” मी लाल पेन खाली ठेवला. वाक्य तसेच गेले.