सिंहछाप बंदुकीचे वाचन

आमच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघणार आहे आणि तिच्यातले अर्धे पान माझ्याकडे आले आहे. जुन्या आवृत्तीत वाक्य होते : ‘घराण्यात शिवकालीन बंदूक असून तिजवर सरदारकीची सिंहमुद्रा आहे.’ हे वाक्य टिकते का, एवढाच माझा प्रश्न.

राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत बखरींची झडती घेतली. तिचे आपण कौतुक करतो; पण घरच्या वस्तूंची तशी झडती घेत नाही. वस्तू खोटे बोलत नाही, असे आपण धरून चालतो. वास्तविक बखरीप्रमाणे वस्तूतही मागाहून भर पडते.

बंदूक ठासणीची आहे. प्रथम गज नळीत तळापर्यंत घालून तोंडाशी खूण केली आणि तो बाहेरून नळीला लावून पाहिला. चार बोटे कमी भरला, म्हणजे बार आतच होता. परवानाधारक कारागिराने तो काढून दिला, मगच पुढचे काम सुरू झाले.

नळीच्या उजव्या अंगाला, कानाजवळ, पितळेने बुजवलेली खाच आहे. आपल्याकडच्या तोड्याच्या बंदुकीत रंजकाची वाटी नळीलाच जोडलेली असे. ही तिचीच जागा. म्हणजे नळी मुळात तोडेदार बंदुकीची. तिचे वय मात्र एवढ्यावरून ठरत नाही.

घोड्यामागच्या पट्टीवर मागच्या पायांवर उभा राहून पंजांत मुकुट धरलेला सिंह आहे. हा सरदारकीचा नव्हे, ईस्ट इंडिया कंपनीचा. १८०८ च्या सुमारास कंपनीने आपली जुनी बदामी छाप सोडून हा सिंह घेतला. त्याच पट्टीवर बुजवलेली छिद्रे आहेत : गारेच्या ठिणगीवर चालणारा खटका काढून पुढे तो टोपीवर चालवल्याची खूण. आघाताने पेटणाऱ्या दारूचे पेटंट स्कॉटलंडच्या फोर्साइथ या धर्मोपदेशकाने १८०७ मध्ये घेतले. ब्रिटिश फौजेत टोपीची बंदूक आली ती १८४० च्या आसपास. तेव्हा आजच्या रूपातली ही बंदूक शिवकालीन असूच शकत नाही.

हे कळताच घरातल्या तरुण मंडळींनी दुसरे टोक गाठले : ‘म्हणजे आपले पूर्वज कंपनीचे शिपाई!’ हेही वाचन तितकेच कच्चे. खटका विकत मिळतो, लुटीत सापडतो, मोडीतून उचलता येतो. वस्तूवरची छाप तिच्या मालकाची निष्ठा सांगत नाही. पहिल्या वाचनात अभिमानाची घाई होती, दुसऱ्यात अभिमान मोडण्याची.

मग बंदूक सांगते काय? बाहेर निघालेल्या बारात चिंध्या आणि वाटाण्याएवढे छर्रे होते. आजोबांच्या कागदांत परवान्याची नक्कल मिळाली. कारण लिहिले आहे, ‘डुकरांपासून पिकाचे रक्षण’. १८७८ च्या शस्त्रकायद्यानंतर गावोगावच्या हत्यारांना परवाना लागू लागला, त्या व्यवस्थेतलाच हा कागद. नळी, खटका आणि दस्ता यांचा मूळचा मेळ नाही. दस्त्यातली खाच खटक्यासाठी ओबडधोबड रुंदावली आहे. कुणा लोहार-सुताराने, नवी बंदूक न परवडणाऱ्या माणसासाठी, हाती असलेल्यातून ही उभी केली असावी, असे माझे मत.

आत्या ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांना भीतभीतच सांगितले. त्या म्हणाल्या, “अरे, बाबा भात पिकायच्या दिवसांत शेतातल्या माळ्यावर रात्री काढायचे, ते हिलाच घेऊन. सरदारकीचं आम्ही त्या पुस्तकातच वाचलं.”

तोंडी परंपरा खोटी, असे मानून मी कामाला लागलो होतो. घरातली तोंडी आठवण वस्तूशी जुळत होती. विसंगत होते ते छापील वाक्य.

मी मजकूर पाठवला आहे : ‘घराण्यात तीन काळांतल्या सुट्या भागांतून जुळवलेली ठासणीची बंदूक आहे. तिने भाताची राखण केली.’ संपादक मंडळाचे म्हणणे, सिंहाचा उल्लेख निदान ठेवा. ठेवतो, पण तो कोणाचा, हे त्याच ओळीत लिहून.