जागतिक रोगभाराचे मापन : एक चिकित्सा

जगातील माणसे कोणत्या कारणांनी मरतात आणि मरण्यापूर्वी कोणत्या व्याधींनी पीडलेली असतात, या दोन प्रश्नांचे उत्तर एकाच मापाने देण्याचा प्रयत्न म्हणजे ‘जागतिक रोगभार अभ्यास’ होय. क्रिस्टोफर मरे व ॲलन लोपेझ यांच्या पुढाकाराने आरंभिलेले हे कार्य जागतिक बँकेच्या १९९३ च्या विकास-अहवालातून प्रथम लोकांसमोर आले. १९९६ मध्ये त्याचा ग्रंथ झाला. आणि पुढे, २००७ मध्ये सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात स्थापन झालेल्या संस्थेकडे त्याची सूत्रे गेली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीत २०४ देश व प्रदेश, ३७१ रोग व इजा आणि ८८ जोखीम-घटक यांचा विचार केलेला आहे. हे आकडे आज आपल्याकडील प्रबंधांत आणि शासकीय अहवालांत सर्रास उद्धृत होतात. ते उद्धृत करणाऱ्याने त्यांचे स्वरूप ओळखलेले असते काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

प्रथम या उद्योगाचे श्रेय मान्य केले पाहिजे. त्यापूर्वी प्रत्येक रोगाचा कैवारी आपापल्या रोगाचे बळी मोजीत असे, आणि या सर्वांचे दावे एकत्र केले तर बेरीज प्रत्यक्ष मृत्यूंहून अधिक भरे. एका मनुष्याच्या मृत्यूचे मूळ कारण एकच धरावयाचे आणि सर्व कारणांची बेरीज एकूण मृत्यूंइतकीच राखावयाची, हा साधा हिशेबी दंडक या अभ्यासाने कसोशीने पाळला. दुसरे असे की, जे रोग मारीत नाहीत पण जिणे नकोसे करतात त्यांना त्याने प्रथमच कोष्टकात स्थान दिले. १९९० सालच्या रोगभारात तीव्र नैराश्याचा क्रमांक चौथा लागतो, हे १९९६ च्या ग्रंथाने दाखविले, तेव्हा केवळ मृत्युसंख्येवर विसंबणाऱ्या आरोग्यशास्त्राला आपली दृष्टी बदलावी लागली.

तथापि हे माप सिद्ध करताना जे निर्णय घेतले गेले, ते निव्वळ गणिताचे नव्हते. अकाली मृत्यूने गमावलेली वर्षे अधिक विकलांगतेत काढलेली वर्षे, अशी या मापाची घडण आहे. मूळ पद्धतीत प्रौढ वयातील वर्षाला बाल्यातील व वार्धक्यातील वर्षाहून अधिक मोल दिले होते. शिवाय भविष्यातील वर्षांवर दरसाल ३ टक्के वटाव कापला जाई. सावकारी व्यवहारातली ही रीत माणसाच्या आयुष्याला लावल्यामुळे सुमारे २३-२४ वर्षांनंतरचे एक निरोगी वर्ष आज अर्ध्या वर्षाइतकेच ठरे. सुधीर आनंद व कारा हॅन्सन यांनी १९९७ मध्ये या दोन्ही गृहीतकांवर न्यायाच्या दृष्टीने आक्षेप घेतला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित अभ्यासात ती दोन्ही वगळण्यात आली. टीकेपुढे नमण्याची ही तयारी स्तुत्यच आहे; परंतु मधल्या काळात त्या मापाच्या आधारे जे अग्रक्रम ठरले, त्यांचा फेरविचार कोणी केला?

विकलांगतेच्या भारांकाची कथा याहून बोलकी आहे. संपूर्ण आरोग्य म्हणजे शून्य आणि मृत्यू म्हणजे एक, अशा मोजपट्टीवर अंधत्वाला प्रारंभी ०.६०० हा भारांक होता. तो आरोग्यतज्ज्ञांच्या मंडळाने ठरविला होता. पुढे बांगलादेश, इंडोनेशिया, पेरू, टांझानिया व अमेरिका येथील सामान्य लोकांना प्रश्न विचारून आणि त्याला महाजालावरील पाहणीची जोड देऊन नवे भारांक काढले, तेव्हा अंधत्वाचा भारांक ०.१९५ वर आला. या दोन आकड्यांच्या मधल्या काळात आंधळ्याच्या वाट्याचा अंधार कमी झालेला नाही. बदलला तो प्रश्न आणि बदलले ते उत्तर देणारे. अर्थात रोगभार हे शरीराचे माप असले, तरी त्यात समाजाचा निवाडाही मिसळलेला आहे.

आता पुराव्याकडे वळू. भारतातील हिवतापाचे वार्षिक मृत्यू सुमारे १५,००० असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधाने सत्तर वर्षांखालील मृत्यूंचीच संख्या सुमारे २,०५,००० असल्याचे प्रतिपादिले. घरोघर जाऊन, आप्तांना मृत्यूपूर्वीची लक्षणे विचारून कारण ठरविण्याची पद्धत त्यामागे होती. हिवतापाकडे बोट दाखविणाऱ्या त्या मृत्यूंपैकी ८६ टक्के कोणत्याही आरोग्यकेंद्रात झालेले नव्हते. मग रुग्णालयाच्या वहीत ते सापडावेत कसे? याच उपक्रमातून २०११ मध्ये सर्पदंशाने वर्षाला सुमारे ४५,९०० माणसे दगावत असल्याचा अंदाज पुढे आला, आणि त्यांतील ९७ टक्के मृत्यू ग्रामीण भागातले होते. उलट बाजूने असाही आक्षेप आला की, आप्तांच्या कथनावरून हिवताप आणि अन्य ज्वर यांत भेद करणे दुष्कर आहे. आक्षेप रास्त आहे. पण वादाची मर्यादा पाहा : एका देशातील एका परिचित रोगाविषयी दोन अंदाजांत दसपटीहून अधिक अंतर पडते, आणि तरीही कोष्टकात एकच आकडा ठळक छापला जातो.

जोखीम-घटकांच्या बाबतीत तर अवघा निष्कर्ष एका गृहीतकावर तोललेला असतो. तांबड्या मांसाच्या सेवनामुळे होणारे मृत्यू २०१७ च्या अभ्यासात सुमारे २५,००० होते. २०१९ च्या अभ्यासात ते ८,९६,००० झाले. दोन वर्षांत जगाच्या आहारात एवढी उलथापालथ झाली नाही. किमान धोक्याची म्हणून जी मात्रा धरावयाची, ती शून्यावर आणली गेली, हे या वाढीचे एक मोठे कारण होते. २०२२ मध्ये अन्य संशोधकांनी या छत्तीसपट वाढीचा जाहीर जाब विचारला.

महाराष्ट्रातील अभ्यासकाला या साऱ्यात एक ओळखीचा प्रश्न दिसावा. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध करताना राजवाडे यांनी बखरी आणि अस्सल समकालीन कागद यांतील भेद कठोरपणे मांडला. रोगभाराचा आकडा ही एक प्रकारची बखर आहे. ती लबाड नसते. पुष्कळदा विद्वत्तापूर्णही असते. परंतु जेथे अस्सल कागद नाही, तेथे ती शेजारच्या प्रदेशावरून, उत्पन्नावरून, शिक्षणावरून कथानक पुरे करते. असे पुरे केलेले आकडे घेऊन एखादा विद्यार्थी जेव्हा शिक्षण व मृत्युमान यांतील सहसंबंध ‘सिद्ध’ करतो, तेव्हा प्रतिमान रचणाऱ्याने आत ठेवलेलेच तो बाहेर काढीत असतो. यास संशोधन म्हणता येणार नाही.

यावर कोणी म्हणेल, अपुरा अंदाज हा अंदाज नसण्यापेक्षा बरा. ते खरे आहे. धोरण ठरविणाऱ्याला सर्व नोंदी पूर्ण होईपर्यंत थांबता येत नाही. परंतु अंदाज जितका सफाईदार, तितकी नोंद ठेवण्याची निकड कमी भासते, हा धोका दृष्टीआड करून चालणार नाही. जन्ममृत्यूच्या नोंदणीचा कायदा आपल्याकडे १९६९ मध्ये झाला. तरी २०२० साली भारतात नोंदलेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकाने प्रमाणित केलेले होते. बाकीचे सारे कारणावाचून गेले. कोविडच्या साथीतील भारतीय मृत्यूंविषयी २०२२ मध्ये जो वाद झाला, त्याचे मूळही येथेच आहे. २०२० व २०२१ या दोन वर्षांत सुमारे ४७ लाख अधिक मृत्यू झाल्याचा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने दिला, आणि भारत शासनाने त्या गणिती पद्धतीलाच हरकत घेतली. परक्याचे प्रतिमान नाकारावयाचे, तर आपली नोंदवही पुढे करता आली पाहिजे.

म्हणून रोगभाराचे आकडे वापरूच नयेत असे आमचे म्हणणे नाही. वापरणाऱ्याने तीन गोष्टी सोबत द्याव्यात : आकडा कोणत्या आवृत्तीचा, त्याच्या अनिश्चिततेची मर्यादा किती, आणि त्या प्रदेशातील किती मृत्यू प्रत्यक्ष नोंदलेले, किती अनुमानाने भरलेले. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना अभ्यासकाला सिॲटलच्या कोष्टकाकडून एखाद्या ग्रामपंचायतीच्या मृत्युनोंदवहीकडे यावे लागेल. त्या वहीतील कारणाचा रकाना कोरा असेल, तर त्याच्या प्रबंधाचा खरा विषय तोच आहे.