७,६५३ दीर्घिकांची एक सरासरी

सातारा जिल्ह्याचा सरासरी पाऊस ऐकून दहिवडीच्या शेतकऱ्याला काय कळणार? महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर, माणमध्ये पाचशेच्या आसपास. सांगलीत शिराळा आणि जत यांच्यातही बराच फरक. सरासरी खोटी नसते, पण ती कुठल्याच एका गावाची नसते. आजचा पेपर वाचताना एवढं डोक्यात ठेवा.

आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर, के. एस. द्वारकानाथ आणि शिव सेठी यांचा हा पेपर २०२० मध्ये 'नेचर'मध्ये आला. प्रश्न असा: सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वी दीर्घिकांमध्ये तारे झपाट्याने बनत होते, मग तो वेग का मंदावला?

तारे वायूपासून बनतात, म्हणून आधी वायू मोजायला हवा. अणुरूप हायड्रोजनचा २१ सेंटिमीटरचा संकेत इतक्या अंतरावरून फारच क्षीण होतो. एकेका दीर्घिकेचा हाती लागत नाही. म्हणून नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटीने ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकत्र करून सरासरी काढली. दर दीर्घिकेमागे हायड्रोजन भरला सुमारे १,२०० कोटी सूर्यांइतका. तारे बनण्याच्या तेव्हाच्या वेगाने हा साठा शे-दीडशे कोटी वर्षांतच संपतो. बाहेरून पुरेसा नवा वायू आला नाही, म्हणून वेग मंदावला असावा, असा लेखकांचा निष्कर्ष.

पेपरची ताकद इथेच आहे: जे आधी अंदाजाने बोललं जायचं, ते त्यांनी मोजलं. पण 'असावा' हा शब्द सोडू नका. वायूचं येणं त्यांनी पाहिलेलं नाही. साठा आणि खर्च यांवरून ते ताडलंय. शिवाय निवडलेल्या दीर्घिका निळ्या, म्हणजे तारे बनवणाऱ्याच. ज्या तेव्हाच थंडावल्या होत्या, त्या या हिशेबात नाहीत.

मला सर्वांत जाणवलेली उणीव रसायनाची. ताऱ्यांच्या पोटात ऑक्सिजनसारखी जड मूलद्रव्यं तयार होतात आणि तारे मरताना आजूबाजूच्या वायूत मिसळतात. बाहेरून कोरा वायू आला, तर उसाच्या रसात पाणी घातल्यासारखं त्यांचं प्रमाण पातळ होतं. पुरवठा आटला, तर ते वाढायला हवं. म्हणजे हे प्रमाण स्वतंत्र साक्षीदार ठरू शकतं. साक्ष सरळ नाही, कारण तारास्फोटांच्या जोराने वायू दीर्घिकेबाहेरही फेकला जातो. पण २१ सेंटिमीटरच्या संकेतात ती मुळीच नसते. त्यासाठी ऑक्सिजनच्या वर्णरेषा मोजाव्या लागतात.

हा पेपरचा दोष नाही, त्याची हद्द आहे. मुलाखतीत 'पेपरमधून काय कळलं?' याचं उत्तर बहुतेक जण देतात. 'काय कळलं नाही?' विचारलं की गप्प होतात. मीही झालो होतो. म्हणून पेपर उघडा आणि वहीत दोन रकाने करा: मोजलेलं आणि ताडलेलं. दुसऱ्या रकान्यातली एखादी ओळ पहिल्यात कशी नेता येईल, याचा विचार करा. तुमचा संशोधनाचा विषय कदाचित तिथेच सापडेल.