माशी, गांडूळ आणि भाऊ

आज आपण नॉर्मन मॅक्लीन यांच्या 'अ रिव्हर रन्स थ्रू इट' या दीर्घकथेबद्दल बोलू. लासूर स्टेशनात बसून अमेरिकेतल्या ट्राउट माशांची गोष्ट कशाला, असं कुणाच्या मनात आलं असेल. बरोबर आहे. ट्राउटला बारमाही थंड, वाहतं पाणी लागतं, आणि आपली शिवना उन्हाळ्यात आटते. तरीही ही कथा आपल्या कामाची आहे, कारण ती मुळात दोन भावांची आहे.

मॅक्लीन शिकागो विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. पुस्तक आलं 1976 मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर. कथा 1937 च्या उन्हाळ्यातली, मोंटानातल्या ब्लॅकफूट नदीवरची. वडील पाद्री. धाकटा मुलगा पॉल मासेमारीत कलावंत, पण दारू आणि जुगारात रुतलेला.

ही मासेमारी समजून घ्यायला हवी. गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी बनवतात. तिला वजन जवळजवळ नसतंच. म्हणून जड दोरी मागेपुढे झुलवायची आणि तिच्याबरोबर माशी अलगद पाण्यावर उतरवायची. वडील मुलांना हे चार मात्रांच्या ठेक्यावर शिकवतात.

आता आमची तक्रार. निवेदकाचा मेहुणा नील कॉफीच्या डब्यात गांडुळं घेऊन नदीवर येतो, आणि कथा त्याची यथेच्छ टिंगल करते. इथे आम्ही लेखकाशी भांडतो. आपल्याकडे डोहावर गळ टाकणारी पोरं गांडूळच लावतात, नाहीतर कणकेची गोळी. भोई जाळं टाकतो ते पोटासाठी. मासा कसा धरला यावरून माणूस जोखायचा, ही चैन संध्याकाळच्या भाकरीची काळजी नसलेल्यांची.

पण दुसऱ्यांदा वाचताना आमचीच तक्रार थोडी सैल झाली. नीलला आणि पॉलला, दोघांनाही मदत हवी आहे, आणि दोघंही ती घेत नाहीत. गांडूळवाला नील वाचतो. ज्याच्या हातात एवढी कला, तो पॉल मारला जातो. म्हणजे कथेनंच आपला तोरा मोडून काढला. प्रत्यक्षातही लेखकाचा भाऊ 1938 मध्ये शिकागोत मारहाणीत गेला. ते कागदावर उतरायला जवळपास चार दशकं लागली.

रॉबर्ट रेडफोर्डच्या 1992 च्या चित्रपटाला छायाचित्रणाचं ऑस्कर मिळालं, ते योग्यच. मात्र त्या सोनेरी उजेडात ही हतबलता आम्हाला फिकी वाटते. पुस्तकात ती वाचकाला सोडत नाही.

दारूत बुडालेला भाऊ, पुतण्या, मित्र आपल्यापैकी अनेकांच्या घरात आहे. आपण त्याला पैसे देतो, रागावतो, देवळात नेतो. मॅक्लीनकडे यावर उपाय नाही. पण ज्याला वाचवता आलं नाही त्याच्यावर प्रेम करायचं थांबवलं नाही, एवढं ते प्रामाणिकपणे सांगतात. म्हणून पुस्तक वाचा. चित्रपट नंतर बघा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.