नळ उघडत नाही, सेन्सरला शिव्या कशाला?

ठाण्याच्या मॉलमध्ये नळाखाली हात धरला की लगेच पाणी येतं. तसाच नळ हौसेने डोंबिवलीतल्या चार मजली इमारतीत, वरच्या मजल्यावर बसवला की करंगळीएवढी धार. आपण म्हणतो, सेन्सर बंडल आहे. पण सेन्सर बिचारा त्याचं काम चोख करत असतो.

त्याचं कामही सोपं आहे. एक एलईडी डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश सोडतो. हातावरून तो परत आला की शेजारचा फोटोडायोड ओळखतो. खरा घोळ पुढे, व्हॉल्व्हमध्ये आहे. बॅटरीच्या चार सेलमध्ये पाण्याचा मार्ग थेट उघडण्याइतका जोर नसतो. म्हणून कॉइल फक्त एक बारीक छिद्र उघडते. त्यामुळे रबरी पडद्याच्या वरचा दाब कमी होतो आणि खालून पाणीच पडदा उचलतं. म्हणजे नळ उघडायची ताकद बॅटरीची नाही, पाण्याची!

अशा बऱ्याच नळांना किमान अर्धा बार दाब लागतो. साधारण दहा मीटर उंचीला एक बार, असा हिशोब. गच्चीवरची टाकी तुमच्या नळापेक्षा अडीच मीटर उंच असेल तर मिळाला पाव बार. एक मजला खाली उतरा, जेमतेम अर्धा. ठाण्याच्या टॉवरमध्ये वरच्या मजल्यांना बहुधा प्रेशर पंप असतो, म्हणून तिथे तक्रार नाही. टँकरच्या पाण्यातला गाळ पडद्याच्या छिद्रात अडकला तर उलटंच होतं: नळ बंदच होत नाही. पाणी वाचवणारा नळ बरं का हा!

माझा राग जाहिरातींवर आहे. ‘स्मार्ट सेन्सर’ मोठ्या अक्षरांत, आणि किमान दाबाचा आकडा शेवटच्या पानावर. आरोग्याच्या दाव्याचंही तसंच. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या संशोधकांनी नळांचं पाणी तपासलं आणि २०११ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. लिजिओनेला जंतू हाताने फिरवायच्या नळांच्या १५ टक्के नमुन्यांत सापडले, सेन्सरच्या नळांच्या तब्बल ५० टक्के! संशय पुन्हा आतल्या गुंतागुंतीच्या व्हॉल्व्हवरच. अर्थात ते एकाच रुग्णालयाचे नमुने, घरातला नळ त्यावरून भंगारात काढू नका.

घ्यायचाच असेल तर दुकानदाराला ‘मिनिमम प्रेशर किती?’ एवढं विचारा. शून्य दाबावर चालणारे व्हॉल्व्हही असतात. धार जरा बारीक येते, पण येते. आणि दुकानात जाण्याआधी गच्चीवर जाऊन टाकीचा तळ आपल्या नळापासून किती उंच आहे, ते टेपने मोजून घ्या.